रिवॉर्ड पॉइंटचे खरे मोल

क्रेडिट कार्डावर साठणारे रिवॉर्ड पॉइंट अनेक ग्राहकांना आयती मिळकत वाटतात; परंतु पॉइंटची संख्या म्हणजे त्यांचे मूल्य नव्हे. समजा, आपल्याकडे १०,००० पॉइंट आहेत. भेटवस्तू घेताना एका पॉइंटला २० पैसे मिळाले, तर २,००० रुपये होतात. विमान तिकिटासाठी ५० पैसे मिळाले, तर ५,०००. म्हणून तिकिटाच्या वा हॉटेलच्या रोख किमतीतून, तरीही भरावे लागणारे कर व शुल्क वजा करावे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटनी भागावे.

विमानतळावरील लाउंजबाबतही दक्षता हवी. २०२३-२४ पासून अनेक कार्डांवर मागील तिमाहीतील ठरावीक खर्चाची अट आली आहे. प्रवासापूर्वी पात्रता तपासावी. मात्र केवळ त्यासाठी अनावश्यक खरेदी करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देय तारखेपूर्वी संपूर्ण रक्कम भरावी. केवळ किमान रक्कम भरल्यास बाकीवर व्याज लागतेच, शिवाय नव्या खरेदीवरील व्याजमुक्त मुदतही जाते. दरमहा ३.५ टक्के दराने २०,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला ७०० रुपये व्याज होते. म्हणजे २,००० रुपयांचे पॉइंट तीन महिन्यांतच निष्फळ ठरतात.