हप्ता भरतो आहोत, पण कर्ज फिटते आहे का?

मार्च २०२३ मधली गोष्ट. रमजान सुरू व्हायला आठवडा उरला होता. इफ्तारचा खर्च, मुलांचे ईदचे कपडे, फित्रा, जूनमधली शाळेची फी, असा सगळा हिशेब मांडायला आम्ही दोघे रात्री वही घेऊन बसलो. सोबत म्हणून बँकेतून आणलेले गृहकर्जाचे विवरणपत्रही काढले. दोन वर्षांत ते आम्ही एकदाही नीट वाचले नव्हते. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जात होता, एकही चुकला नव्हता. मग बघायचे काय?

त्या रात्री बघितले आणि झोप उडाली. १५,५०६ रुपयांच्या शेवटच्या हप्त्यातले १५,२३२ रुपये व्याजात गेले होते. मुद्दलात जमा झाले होते फक्त २७४ रुपये.

आम्ही सोलापूरचे. आमच्यातला एक जण टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीत हिशेब सांभाळतो, दुसरी घरी शिवणकाम करते आणि आजूबाजूच्या मुलांच्या शिकवण्या घेते. दिवसभर कंपनीचा पै-पैचा ताळा जुळवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा ताळा दोन वर्षे पाहिला नव्हता, ही लाज आज कबूल करतो. हे लिहिण्याचे कारण एवढेच की, आमच्या ओळखीतल्या अनेक घरांत आजही तेच चालले आहे.

अब्बांचा प्रश्न

२०२१ च्या मार्चमध्ये आम्ही २८ लाखांचा फ्लॅट घेतला. आठ लाख साठवलेले होते, वीस लाखांचे कर्ज काढले. वीस वर्षांची मुदत, सात टक्के व्याज. अब्बांना हे पटले नव्हते. राहत्या घराच्या गरजेसाठी असे कर्ज घ्यावे की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निवाडा करणारे आम्ही कोणी नव्हे. बिनव्याजी बँकिंग सुरू करावे अशी शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती, पण इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये जाहीर केला. भाड्याच्या घरात अकरा वर्षांत चार वेळा सामान हलवल्यावर आम्ही नाइलाजाने सही केली. अब्बा एवढेच म्हणाले, "घेतलंत ना, आता लवकर उतरवा. मानेवरचं ओझं आहे ते."

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ते विचारायचे, "किती उतरलं?" आम्ही म्हणायचो, "भरतोय, अब्बा."

त्या रात्री कळले की भरणे आणि उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोवीस हप्त्यांत आम्ही ३ लाख ७२ हजार रुपये भरले होते. कर्ज उतरले होते साधारण ७६ हजारांनी.

हे झाले कसे?

कर्जाच्या पहिल्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, हे आम्हाला ढोबळपणे माहीत होते. आमच्या पहिल्याच हप्त्यात व्याज ११,६६७ आणि मुद्दल ३,८३९ असे होते. माहीत नव्हते ते पुढचे. आमचे कर्ज बदलत्या दराचे आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली असतात. मे २०२२ पर्यंत रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्के झाला. म्हणजे नऊ-दहा महिन्यांत आमचा दर सातवरून साडेनऊवर गेला.

हप्ता मात्र तोच राहिला आणि तिथेच आम्ही फसलो. दर वाढला की बँक हप्ता वाढवते, नाहीतर मुदत वाढवते. आमची मुदत वाढत गेली होती. मोबाइलवर तसे संदेशही आले होते. जाहिरातींच्या गर्दीत आम्ही ते उघडलेच नाहीत. साडेनऊ टक्क्यांनी १५,५०६ चाच हप्ता चालू राहिला असता, तर गणिताप्रमाणे हे कर्ज फिटायला आणखी बेचाळीस वर्षे लागली असती. कर्ज ज्याच्या नावावर आहे तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता. म्हणजे वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत!

साडेचार हजार कुठून आणायचे?

ठरलेल्या मुदतीत कर्ज फेडायचे तर हप्ता १८,६०० च्या आसपास करावा लागणार होता. आम्ही २०,००० ठरवला. त्या दराने उरलेले कर्ज साधारण पंधरा वर्षांत फिटणार होते. बँकेत अर्ज दिला तेव्हा टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "हप्ता कमी करा म्हणणारे रोज येतात. वाढवा म्हणणारे तुम्हीच!"

पण दरमहा साडेचार हजार जास्तीचे आणायचे कुठून? आम्ही तीन महिन्यांचा खर्च आठवून आठवून लिहून काढला. मोठा खर्च असा कुठेच सापडला नाही, गळती सगळी बारीक होती. दोन रविवार आड येणारी बिर्याणी आणि मुलांचे बाहेरचे खाणे मिळून महिन्याला १,६०० रुपये जात होते. मोबाइलचा १,४०० चा हप्ता नुकताच संपला होता आणि नवा फोन घ्यायचे मनात घोळत होते. तो विचार सोडला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलाला धाडून आणलेली पाव किलो साखर, तेलाची पिशवी, बिस्किटे यांचा हिशेबच नव्हता. आता महिन्याचा किराणा एकदाच, अम्मींच्या यादीप्रमाणे, मार्केट यार्डातून येतो. त्यात दीड हजार वाचले. झाले साडेचार हजार.

सगळ्यात अवघड गेला तो आहेर. आमच्या घराण्यात शादी म्हटली की भाऊबंदांत कोणी काय दिले याची चर्चा वर्षभर चालते. त्या वर्षी एका भाच्याच्या शादीत आम्ही अंगठीऐवजी पाकीट दिले. कुजबुज झाली. पण कर्ज अंगावर असताना दिखाव्यासाठी केलेला खर्च म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर मिरवणे, असे आम्ही मनाला समजावले. आता आहेराचा आकडा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतो आणि तो सगळ्यांना सारखाच असतो.

तेव्हाच्या ५१ हजारांच्या मिळकतीची वाटणी आम्ही अशी केली:

कर्जाचा हप्ता – २०,०००
किराणा, दूध, भाजी, गोश्त, गॅस – ११,०००
मुलांची शाळा – ५,५००
वीज, फोन, सोसायटीचा देखभाल खर्च – ३,८००
पेट्रोल – २,५००
अब्बा-अम्मींची औषधे – २,२००
भिशी – ३,०००
अडीअडचणीचे पैसे – २,०००
रमजान, ईद आणि कपडे – १,०००

ही यादी मात्र पहिल्या झटक्यात झालेली नाही. शेवटून दुसरी ओळ आम्ही ठेच लागल्यावर घातली.

घाईने केलेली चूक

कर्ज उतरवायचे भूत डोक्यात शिरले होते. जून २०२३ मध्ये खात्यात होते नव्हते ते ६० हजार आम्ही एकरकमी मुद्दलात भरून टाकले. अब्बांना अभिमानाने सांगितलेही. ऑगस्टमध्ये अम्मींच्या पोटात रात्री कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन करावे लागले. हाताशी काही नव्हते. ४५ हजार रुपये क्रेडिट कार्डवर टाकले. कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्के लागतात, वर्षाचे बेचाळीस! साडेनऊ टक्क्यांचे कर्ज लवकर फेडायला निघालो आणि बेचाळीस टक्क्यांचे अंगावर घेतले. शेवटी खालांनी कर्जे हसना म्हणून रक्कम दिली, तेव्हा कार्ड मोकळे झाले. एक पैसा जास्त न घेता त्यांनी वर्षभर हळूहळू परत घेतले. अल्लाह त्यांना बरकत देवो.

तेव्हा कळले की बँकेत भरलेला जादा पैसा अडचणीच्या रात्री परत मागता येत नाही. म्हणून आधी तीन हप्त्यांइतके, म्हणजे ६० हजार, बाजूला हवेत. ते वेगळ्या खात्यात ठेवले आणि त्या खात्याचे कार्ड कपाटात बंद केले. महिना दोन हजार टाकून ही रक्कम पुरी व्हायला अडीच वर्षे लागली.

त्या काळात दागिने विकण्याचाही विषय निघाला होता. घरात चार तोळे सोने आहे. पण ते मेहेरचे. मेहेर ही बायकोची स्वतःची मिळकत आहे, घराच्या हिशेबाच्या वहीत ती धरायचीच नाही, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.

भिशी, जून महिना आणि जकात

मोहल्ल्यातल्या बारा जणींची भिशी आहे. महिना तीन हजार, वर्षातून एकदा ३६ हजार हातात. त्यात ना व्याज द्यायचे ना घ्यायचे. मात्र तिला कागद नसतो, केवळ जबान असते. म्हणून वर्षानुवर्षे ओळखीच्या बायकांतच ती चालवावी आणि झेपेल तेवढीच लावावी. आमची भिशी लागली की ती रक्कम त्याच आठवड्यात मुद्दलात जाते. या एका सवयीने साडेनऊ टक्क्यांच्या हिशेबात पंधरा वर्षांचे कर्ज साडेअकरा वर्षांच्या आसपास येत होते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला अशा मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. फक्त पैसे भरताना लेखी सांगावे की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

आपल्या सणांचे आणखी एक गणित आहे. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सण दरवर्षी तेवढे आधी येतात. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे बकरी ईद जूनमध्येच आली. शाळेची फी, वह्या, रेनकोट आणि कुर्बानी, सारे एकाच पगारात! म्हणून सणाचे पैसे वर्षभर हजार-हजार करून बाजूला काढायचे. कर्ज असताना कुर्बानी आपल्यावर वाजिब आहे का आणि जकात मोजताना कर्ज कसे वजा करायचे, हे अंदाजाने ठरवू नये. लांब मुदतीचे पूर्ण कर्ज वजा करावे की चालू वर्षात देय असलेले हप्तेच, यावर जाणकारांची वेगवेगळी मते आहेत. आम्ही आमची वही घेऊन मस्जिदीतल्या मौलाना साहेबांकडे गेलो आणि त्यांनी सांगितले तसे केले. सदका मात्र बंद केला नाही. थोडा का होईना, तो किराण्याआधी निघतो.

तुम्ही काय पाहाल?

वाचकहो, या महिन्यात एवढे करा. कर्जाचे विवरणपत्र मागवा. त्यात चार आकडे बघा: उरलेले मुद्दल, आजचा दर, उरलेले हप्ते आणि शेवटच्या हप्त्यातून मुद्दलात गेलेली रक्कम. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. तो तुमचा हक्क आहे, विचारा. नव्या ग्राहकाला तुमची बँक काय दर देते तेही विचारा. तो कमी असेल तर थोडे शुल्क भरून तुमचाही दर खाली येऊ शकतो.

"करसवलत मिळते, मग कर्ज राहू द्या," असेही कोणी सांगेल. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत ती नाही. आणि वजावट असली तरी वाचतो तो कर, व्याज नव्हे. थोडा कर वाचावा म्हणून शंभर रुपये व्याज द्यायचे, यात शहाणपण नाही.

दर उतरला तर हप्ता उतरवू नका. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आला. आमचा दर यंदाच्या जानेवारीत सव्वाआठ झाला. हप्ता कमी करता आला असता, आम्ही वीस हजारच ठेवला. त्यातले ९,२०० आता मुद्दलात जातात. दर असाच राहिला आणि भिशी चालू राहिली, तर २०४१ ऐवजी २०३३ च्या अखेरीस घर मोकळे होईल, इन्शाअल्लाह. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत घराची मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवा.

गेल्या जुम्म्याला नमाजहून परतताना अब्बांनी पुन्हा विचारले, "किती उतरलं?"

या वेळी आमच्याकडे आकडा होता. "चार लाख पस्तीस हजार, अब्बा. पंधरा लाख पासष्ट उरले."

अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही दाखवा."

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.