चालक, वाहक आणि आपले हृदय

मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून पर्यटकांची जिप्सी घेऊन ताडोब्यात शिरणारा चालक सकाळी तीन-चार तास बसतो आणि दुपारी पुन्हा तितकाच वेळ. त्याच गावची बाई मे महिन्यात पहाटेपासून तेंदूची पाने तोडीत रानभर चालते. दोघेही कष्टकरी, पण एकाचे हृदय बसून असते, दुसरीचे राबत असते.

हा फरक पहिल्यांदा मोजला गेला तोही कामगारांतच. लंडनच्या बसगाड्यांवरील कामगारांचा डॉ. जेरेमी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होत होता. चालक मुळातच स्थूल होते, असा आक्षेप निघाला. तरी पुढील अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षच उचलून धरला.

याचे कारण सोपे आहे. झपाझप चालताना, पोहताना, सायकल मारताना मोठे स्नायू एका लयीत हलतात व अधिक प्राणवायू मागतात. फुप्फुसे तो घेतात, हृदय रक्तावाटे पोचवते. हाच एरोबिक, म्हणजे दमसासाचा व्यायाम. सवयीने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, रक्तदाब उतरतो, रक्तातील साखर स्नायूंत खर्ची पडते, झोप गाढ लागते.

किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे सांगितली. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने सुरुवात होते. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, हीच त्याची मोजपट्टी. छातीत दुखले, तर थांबून डॉक्टर गाठावा. मोहर्लीकरांनी मात्र पहाटेच्या अंधारात रानवाट धरू नये. गावातच फेऱ्या माराव्यात.

आता आमच्या मनातली गोष्ट. ओझे वाहणे, उन्हात तासन्‌तास वाकणे आणि विसावा नसणे, याला आम्ही व्यायाम म्हणणार नाही. व्यायाम माणूस आपल्या खुशीने करतो, आणि थकला की थांबतो. मजुराला थांबण्याची मुभा कोठे असते? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती याच विसाव्यासाठी.

म्हणून बसणाऱ्याने उठावे आणि राबणाऱ्याला बसू द्यावे. चालकाला दोन फेऱ्यांमध्ये चालायला अर्धा तास हवा, तेंदू तोडणारीला सावली, पाणी आणि विश्रांती हवी. हृदयाला दोन्ही लागते.