स्वस्तातली पॉइंट टू टू

मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून एम-१४ महामार्गाने पूर्वेकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर प्लिमथ लागतं. आज ते डेट्रॉइटच्या उपनगरांत मिसळून गेलंय, पण एकेकाळी हे छोटं गाव छर्ऱ्याच्या बंदुकांसाठी अमेरिकाभर ओळखलं जायचं. १८८२ मध्ये इथे ‘प्लिमथ आयर्न विंडमिल कंपनी’ निघाली. शेतातल्या विहिरींवर बसवायच्या लोखंडी पवनचक्क्या हा तिचा धंदा. १८८८ मध्ये क्लॅरेन्स हॅमिल्टन या हरहुन्नरी कारागिराने कंपनीपुढे धातूची एक हवाई बंदूक ठेवली. कारभारी लुईस कॅस हफ यांनी ती उडवून पाहिली. त्यांच्या तोंडून जो कौतुकाचा शब्द निघाला तोच बंदुकीला चिकटला : डेझी. पवनचक्क्या मागे पडल्या, बंदूक पुढे गेली आणि १८९५ मध्ये कंपनीनेच डेझी हे नाव घेतलं. १९५८ मध्ये कारखाना आर्कान्सामधल्या रॉजर्स गावी हलेपर्यंत अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांची पहिली बंदूक प्लिमथहून येत होती.

हॅमिल्टनची गोष्ट मात्र डेझीपाशी संपत नाही. १८९८ च्या सुमारास त्याने मुलगा कोएलो याला बरोबर घेऊन प्लिमथमध्येच वेगळा कारखाना घातला. या वेळी माल होता खऱ्या काडतुसाची, .२२ बोअरची रायफल. ती स्वस्तात बनवायची तर अख्ख्या पोलादी कांबीला भोक पाडून नळी करणं परवडणारं नव्हतं. हॅमिल्टनने पितळी नळी घेतली आणि तिच्याभोवती पोलादी पत्रा गुंडाळला. बाकीचे बरेचसे भागही पत्रा ठोकून घडवलेले. मासिकं किंवा किरकोळ वस्तू दारोदार विकणाऱ्या मुलांना ही रायफल बक्षीस म्हणून मिळायची. १९४५ च्या सुमारास उत्पादन थांबलं, तरी जुन्या घरांच्या माळ्यावर आजही एखादी हॅमिल्टन सापडते. ती भिंतीवर शोभते आणि तिथेच ठेवावी. पत्रा गुंडाळलेली ती नळी त्या काळच्या सौम्य काडतुसांसाठी होती. आजचं जलद काडतूस तिच्यात घालणं म्हणजे डोळा आणि बोटं पणाला लावणं.

स्वस्त रायफल आणि ती हातात आल्यावर तिच्यात काहीतरी सुधारावं असं वाटणारा माणूस, ही जोडी या भागात अशी सव्वाशे वर्षं जुनी आहे. ॲन आर्बरच्या आसपास आज या छंदाला सुरुवात होते ती बहुधा दोनपैकी एका रायफलीने. एक रुगरची १०/२२. ती १९६४ पासून बाजारात आहे, तिच्यात दहा काडतुसांचं फिरतं मॅगझिन बसतं आणि प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप चढतं. दुसरी सॅव्हेजची मार्क टू. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत लेकफील्ड इथे बनणाऱ्या या रायफलीचा बोल्ट दरवेळी हाताने मागेपुढे करावा लागतो. दोन्हींची साधी मॉडेलं चारशे डॉलरच्या आत मिळतात.

कोल्हापूर-पुण्याकडचे नेमबाज ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात ते हेच काडतूस. .२२ लाँग रायफल असं त्याचं पूर्ण नाव असून ते १८८७ पासून जवळपास आहे त्याच रूपात चालू आहे. गोळी शिशाची, साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची. मोठ्या रायफलीच्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. इथे स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळते, म्हणून हे रिमफायर. कड चेपून ठिणगी पडायची तर धातू पातळ हवा, त्यामुळे काडतुसातला दाब कमी ठेवावा लागतो. एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरताही येत नाही. मोठ्या बोअरचा हौशी नेमबाज घरी दारू मोजून स्वतःची काडतुसं भरतो आणि त्यातच अर्धा छंद पुरवतो. रिमफायरवाल्याला कारखान्याने दिलेल्या डबीवरच भागवावं लागतं.

म्हणूनच सुधारणेची पहिली पायरी रायफलीत नसते, ती डबीत असते. हे नव्या माणसाला पटत नाही. रायफल घरी आली की त्याला आधी नवा दस्ता, मोठी दुर्बीण, जाड नळी खुणावते. पण एकाच रायफलीतून पाच-सहा निरनिराळ्या बनावटीची काडतुसं ५० यार्डांवर, टेकूवर ठेवून, शांतपणे उडवून पाहिली तर गोळ्यांच्या झुबक्यांत जो फरक दिसतो तो कित्येकदा शेकडो डॉलरच्या सुट्या भागांनीही पडत नाही. याला कारण आहे. जलद काडतुसाची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि वाटेत तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे सुमारे ३४० मीटरखाली घसरतो. हा उंबरठा ओलांडताना ती हेलकावते. स्पर्धेची काडतुसं मुळातच ध्वनीपेक्षा मंद असतात, त्यामुळे हा झटका त्यांना बसतच नाही. शिवाय प्रत्येक नळीची स्वतःची आवड असते. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसाची एक खेप तिला मानवते, दुसरी मानवत नाही. मोठे नेमबाज खेपा तपासून पाहतात आणि जी जुळली तिचा साठा करून ठेवतात.

मोजण्याची शिस्तही इथेच लागते. पाच गोळ्यांचा एक सुरेख झुबका खिशात घालून मित्रांना दाखवायला छान असतो, पण त्याने काहीही सिद्ध होत नाही. तोच झुबका दहा वेळा पाडून सरासरी काढली तर रायफलीबद्दल बोलता येतं. एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा मोजावं, वहीत लिहावं. ही वही हे या छंदातलं सगळ्यात मोलाचं अवजार आहे.

दुसरी पायरी जवळपास फुकट आहे. दस्ता आणि नळी यांच्या फटीत कागदाची पट्टी घालून ती मागे सरकवत न्यायची. अडली तर तिथे लाकूड नळीला टेकतंय. गोळी सुटताना नळी थरथरते. लाकूड एखाद्या बाजूने टेकत असेल तर ती थरथर दरवेळी वेगळी होते, आणि दमट उन्हाळ्यात दस्ता फुगला की नेमच सरकतो. मिशिगनमध्ये उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा-गोठवणारा, त्यामुळे हा दोष इथे ठळक दिसतो. उपाय साधा : गोल दांडीला पॉलिशपेपर गुंडाळून दस्त्याची खाच जराशी मोठी करायची आणि उघड्या पडलेल्या लाकडाला तेल किंवा व्हार्निश द्यायचं. रायफलीची पेटी, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर बसतात तो धातूचा भाग, दस्त्यात डगडगत असेल तर तिच्याखाली इपॉक्सीचा थर ओतून पक्की बैठक करतात. त्याआधी धातूला मेणाचा हात नीट फिरवावा लागतो, नाहीतर पेटी आणि दस्ता कायमचे चिकटतात. मग स्क्रू किती आवळायचा तेही ठरवून, टॉर्क रेंचने, दरवेळी तेवढाच. स्क्रूच्या या एका सवयीने झुबके सुधारल्याचं पुष्कळांनी पाहिलं आहे.

ट्रिगर हा सगळ्यात नाजूक भाग. साध्या १०/२२ चा कारखान्यातून आलेला ट्रिगर ओढायला अडीच-तीन किलोचा जोर लागतो, आणि रायफल स्वतः तेवढ्याच वजनाची असते. बोट ओढता ओढता नेम हलतो तो इथे. पण म्हणून घरी कानस घेऊन आतल्या कडा घासायला बसू नये. त्या कडांवरच रायफलीची सुरक्षितता उभी असते. कोन थोडा चुकला तर रायफल आपटल्याने किंवा सेफ्टी सरकवल्यानेही उडू शकते. सुदैवाने आता घासाघाशीची गरज उरलेली नाही. सॅव्हेजचा ‘ॲक्युट्रिगर’ मालकाने स्वतः, कंपनीने आखलेल्या मर्यादेत, कमीजास्त करायच्याच हेतूने बनवलेला आहे. रुगरही अडीच ते तीन पौंडांवर सुटणारा तयार ट्रिगर-संच विकते. दोन पिना काढून जुना संच बाहेर, नवा आत. एवढ्या कामाला बंदुकांच्या मिस्त्रीकडे जाणाराही शहाणाच.

नळी शेवटी. १०/२२ ची नळी पेटीला दोन स्क्रूंनी आणि एका छोट्या ठोकळ्याने धरलेली असते, त्यामुळे ती घरच्या टेबलावर बदलता येते. या एका रचनेने अमेरिकेत सुट्या भागांचा अख्खा उद्योग उभा केला. आज रुगरचा एकही भाग न वापरता १०/२२ च्या घडणीची रायफल जोडता येते. अमेरिकी कायद्याच्या नजरेत अनुक्रमांक असलेली पेटी म्हणजेच बंदूक, बाकी नळी-दस्ता नुसते सुटे भाग. पण हौसेला इथेच पाय फुटतात. ०.९२ इंच व्यासाची जाड नळी घेतली की ती जुन्या दस्त्यात मावत नाही. मग दस्ता आला, तो जड म्हणून पट्टा आला, आणि स्वस्त रायफल महागड्या रायफलीच्या किमतीला जाऊन पोहोचली. नळी सोळा इंचांपेक्षा आखूड करायला तर संघराज्याची वेगळी परवानगी आणि नोंदणी लागते. ती नसताना केलेलं काम गंभीर गुन्हा आहे.

जाणकार मंडळी जाड नळीआधी जुन्या नळीचं तोंड तपासतात. गोळी जिथून बाहेर पडते ती कड एका बाजूने जरी खरचटली तरी मागून येणारा वायू वाकडा निसटतो आणि गोळीला धक्का देतो. हे खरचटणं बहुधा साफसफाईच्या गजानेच झालेलं असतं. पॉइंट टू टूला रोज घासायची गरज नसते. मेण लावलेल्या शिशाच्या गोळ्या नळीत पातळ थर धरतात आणि नेम त्या थरावरच स्थिरावतो. दुर्बिणीबद्दलही एक बारकावा : मोठ्या रायफलीची दुर्बीण सहसा १०० यार्डांना जुळवलेली असते, रिमफायरची ५० ला. स्वस्त पण ५० यार्डांची दुर्बीण इथे जास्त उपयोगी.

या सगळ्या खटपटीचं दुसरं टोक पाहायचं तर कोल्हापूर जिल्ह्यात जावं लागतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवलं, ते याच .२२ काडतुसाने. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद पटकावलं. त्या निशाणाच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलीमीटर आहे. त्यांच्या रायफलींचे ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास सुटतात, दस्ते अंगाच्या मापाने मिलीमीटरमध्ये जुळवलेले असतात. भारतात शस्त्र कायदा १९५९ चा. पॉइंट टू टूला परवाना लागतोच, आणि हौस म्हणून एक रायफल आणून उघडून बसावं अशी मोकळीक तिथे नाही. म्हणून महाराष्ट्रातून ॲन आर्बरला आलेल्या नेमबाजाला इथली सुट्या भागांची दुकानं पाहून नवल वाटतं.

मात्र मोकळीक सरसकट नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याचा कायदा बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. वैध शिकार-परवाना असणं हा त्यातला एक मुख्य अपवाद, आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो परवाना काढायला मिशिगनमध्ये सहसा आधी सुरक्षा-प्रशिक्षण घ्यावं लागतं. ग्रीनकार्डधारकाला ही आडकाठी नाही. शंका असेल त्याने मित्राची रायफल हातात घेण्याआधी वकिलाला विचारावं, कारण इथे चूक झाली तर व्हिसाही जातो. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या आवारात २००१ पासून शस्त्रबंदी आहे. ॲन आर्बरच्या शाळांनी घातलेली बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी चार विद्यार्थी आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १३ फेब्रुवारी २०२३ रोजी तीन विद्यार्थी गोळीबारात गेले. त्यानंतर झालेल्या कायद्यांनी १३ फेब्रुवारी २०२४ पासून, जिथे अल्पवयीन मूल असू शकतं तिथे बंदूक कुलपात किंवा चाप-कुलूप लावून ठेवणं बंधनकारक केलं. खासगी विक्रीतल्या रायफलीलाही पार्श्वभूमी तपासणी लागू झाली. ज्याच्या घरात मुलं आहेत त्याने आपल्या खर्चाच्या यादीत दुर्बिणीच्या वर लोखंडी कपाट लिहावं.

नेम लावायची जागाही अधिकृतच हवी. उत्तरेला ब्रायटनजवळच्या आयलंड लेक राज्य उद्यानात शूटिंग रेंज आहे. हिवाळ्यात तिथे उघड्यावर उभं राहिलं की आणखी एक धडा मिळतो : कडाक्याच्या थंडीत गोळीवरचं मेण घट्ट होतं, दारू मंद जळते आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम खाली उतरतो. वहीत तापमानाचा रकाना त्यासाठी असतो.

सुधारलेल्या स्वस्त रायफलीची परीक्षा द्यायची तर एरी सरोवराच्या काठावर ओहायोमधलं कॅम्प पेरी आहे, गाडीने दीड-दोन तासांवर. १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरवणाऱ्या या जागी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमची ‘रिमफायर स्पोर्टर’ स्पर्धा होते. साध्या रायफलींसाठीच ती आखलेली आहे आणि हौसेला वेसण घालणारे नियम तिथे आधीच लिहून ठेवलेत. रायफल साडेसात पौंडांपेक्षा जड नको, म्हणजे ती जाड नळी बहुधा बाद. ट्रिगर तीन पौंडांखाली नको, म्हणजे अडीचवर सुटणारा संचही बाद. दुर्बीण सहापट मोठं दाखवण्यापलीकडे नको. पालथं पडून आणि बसून ५० यार्डांवर, उभ्याने २५ वर, एकूण साठ गोळ्या, सहाशे गुण. जलद फेरीत पाच गोळ्यांना आपोआप भरणाऱ्या रायफलीला २५ सेकंद मिळतात. हाताने बोल्ट ओढणाऱ्याला ३०.