नाटकघर झालं सिनेमाघर : रॉयल ऑपेरा हाऊस

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळ रॉयल ऑपेरा हाऊस आहे. करमणूक कशी बदलत गेली, हे मुलांना सांगायला ही एक इमारत पुरेशी आहे.

१९११ साली, बांधकाम चालू असतानाच, राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. विदेशी मंडळींच्या ऑपेरासाठी बांधलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्वही गायले.

मग १४ मार्च १९३१ रोजी जवळच, गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पडदा बोलायला, गायला लागला आणि संगीत नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ च्या सुमारास ऑपेरा हाऊसनेही सिनेमाची वाट धरली. पडदा सगळ्यांना दिसावा म्हणून आतली रचना बदलली. पुढे व्हिडिओ आणि केबल घरोघरी आले, तसा हाच प्रेक्षक सिनेमागृहालाही दुरावला. १९९३ मध्ये दारं बंद झाली. मालकांनी दुरुस्ती करून घेतली म्हणून २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली.

मॅजेस्टिकच्या वाट्याला हे आलं नाही. तिथे आता दुकानांचं संकुल आहे. बोलपटाचा इतिहास जिथे घडला, ती जागा आज मुलांना दाखवता येत नाही.

तुमच्या गावातही असं एखादं जुनं थिएटर असेल. आजी-आजोबांना विचारून त्याची माहिती लिहून आणायला मुलांना सांगा : आधी तिथे काय होतं? तिकीट कितीचं होतं? बंद का पडलं? इमारत राहो न राहो, वहीत नोंद तरी राहील.