पायाखालची ऊब

थंडी म्हणजे काय, हे आम्हा कोकणातल्या माणसांना ऐकूनच माहीत. आमच्या चिपळूणकडे पहाटे जरा गार वारा सुटला, की लोक मफलर शोधायला लागतात. २०२२च्या डिसेंबरात मी आणि माझी बायको मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो. पहिल्याच पहाटे वुजू करायला बाथरूममध्ये अनवाणी पाय टाकला आणि टाचेपासून मस्तकापर्यंत कळ गेली. बाहेर दवबिंदूंचं बर्फ झालं होतं. घरात भिंतीवरचे हीटर चालू होते, पण पायाखालची फरशी काही माणसाला ओळख द्यायला तयार नव्हती.

मी दोन महिन्यांचा पाहुणा. माझं भागलं असतं. पण त्या घरात माझ्या मुलीच्या सासूबाई राहतात. मूळच्या दापोली तालुक्यातल्या. लग्न होऊन तिकडे गेल्या त्याला चाळीस वर्षं उलटली. वीस वर्षांचा मधुमेह. पायाच्या बोटांची संवेदना कमी झालेली. फजरच्या नमाजाआधी पाय धुवायचे म्हणजे मोजे काढावे लागणार, आणि ओले पाय त्या फरशीवर टेकवावे लागणार. थंडीनं पाय आखडत. आम्ही जाण्याआधी एकदा त्या तिथेच घसरल्या होत्या. थोडक्यात निभावलं. बाथरूममध्ये विजेचा फिरता हीटर ठेवावा म्हटलं तर ते तिथल्या नियमात बसत नाही; आंघोळीच्या जागेजवळ साधा प्लग पॉइंटसुद्धा देत नाहीत. म्हणून जावयानं ठरवलं, की फरशीच गरम करायची. आणि त्या कामात मी बिनपगारी बिगारी म्हणून भरती झालो.

मित्रहो, बी.ए.ला माझा विज्ञानाशी संबंध आला नाही. पण त्या दोन महिन्यांत मला जे समजलं, ते सांगतो.

पहिला प्रश्न साधा होता. एकाच खोलीत फरशी गार का लागते आणि शेजारचं पायपुसणं उबदार का लागतं? थर्मामीटर लावला तर दोन्हींचं तापमान सारखंच निघतं. फरक आहे तो ओढीचा. आपला तळवा फरशीपेक्षा गरम असतो. फरशी त्याची उष्णता भराभर ओढून घेते. लाकूड ती हळू घेते; फरशी लाकडाच्या सात-आठ पट सहज वाहून नेते. म्हणजे ‘फरशी गार आहे’ असं जे आपण म्हणतो, ते खरं तर आपल्या पायातून निघून जाणाऱ्या उष्णतेचं वर्णन असतं. आमच्या लहानपणी सारवलेल्या जमिनीवर झोपताना अंग आखडत नसे आणि शहाबादी फरशी आली तशी चटईखाली गोधडी आली, त्याचं कारण मला साठीला टेकताना बर्मिंगहॅममध्ये उमगलं.

जमीन खालून तापवण्याची युक्ती काही आजची नाही. इंग्लंडमधल्याच बाथ या गावी रोमन लोकांची स्नानगृहं आहेत. तिथे विटांचे बुटके खांब ओळीनं उभे दिसतात. त्यांच्यावर जमीन तोललेली असे आणि खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरे. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या वाटांनी फिरवून खोली उबदार ठेवत. आणि आपल्या काश्मीरमधल्या मशिदींत हमामची खोली असते. दगडी लाद्यांच्या खाली लाकडं पेटवतात आणि वर माणसं हिवाळ्यात निवांत बसतात. जावयाच्या घरात लाकडांच्या जागी वीज आली, इतकंच.

पण तिथे एक अडचण होती. हमामखाली दगड असतो. जावयाचं बाथरूम वरच्या मजल्यावर, जुन्या विटांच्या घरात. तिथला वरचा मजला म्हणजे आपल्याकडचा माळाच. आडव्या तुळया आणि त्यांवर फळ्या. माळ्यावर चाललं की तो थोडा लवतो. लाकूड लवतं, ओलाव्यानं फुगतं, सुकलं की आकसतं. फरशीला यातलं काहीच जमत नाही. ती फक्त तडकते. त्यामुळे तापवायचं काय ते नंतर. आधी खालची जमीन हलायची थांबली पाहिजे.

जावयानं एक गंमत दाखवली. फळ्यांवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि मला शेजारून चालायला सांगितलं. पेल्यातलं पाणी थरथरलं. तो म्हणाला, “अब्बा, हे पाणी शांत राहील तेव्हा फरशीचं बोलू.” मग फळ्या उचकटल्या. कुजलेला एक तुकडा निघाला, तो बदलला. तुळयांच्या मध्ये आडवे दांडे ठोकून त्या एकमेकींना जखडल्या. त्यावर १८ मिलिमीटर जाडीचं, ओलावा सोसणारं प्लायवूड, दर वीतभर-दीड वितीवर स्क्रू मारून बसवलं. कडांना ओल धरू नये म्हणून लेप दिला. भिंतीलगत थोडी फट मुद्दाम ठेवली. लाकडाला फुगायला जागा हवी, नाहीतर ते फरशीला वर उचलतं.

पुन्हा पेला ठेवला. पाणी हललं नाही.

आता वाटलं, झालं, तार पसरायची. पण अजून एक थर बाकी होता, आणि तो न घालता पैसे वाचवणारेच पुढे जास्त पैसे घालवतात. उष्णतेला वर-खाली कळत नाही. तिला वाट मिळेल तिकडे ती जाते. प्लायवूडवर थेट तार टाकली तर निम्मं काम लाकूड आणि खालच्या स्वयंपाकघराचं छत तापवण्यात जाणार. म्हणून प्लायवूडवर कडक फोमचे, दोन्ही बाजूंना सिमेंटचा पातळ थर दिलेले तक्ते बसवतात. आमचे १० मिलिमीटरचे होते. हा फोम प्लायवूडच्याही चौपट कमी उष्णता जाऊ देतो. तो असला की फरशी अर्ध्या-पाऊण तासात उबदार होते. नसला की तास-दोन तास वीज जळते आणि पाय गारच.

मग ती तार. जाळीवर नागमोडी शिवलेली, गुंडाळीनं मिळते. चौरस मीटरला १५० वॅट. बाथरूममधली मोकळी जागा २ चौरस मीटर, म्हणजे एकूण ३०० वॅट. पूर्वीचे शंभराचे तीन दिवे पेटावेत तेवढी वीज. टबाखाली, बेसिनखाली किंवा कमोडखाली ती टाकायची नाही, कारण तिथे उष्णता कोंडते. वळवायची असेल तर जाळी कापायची, तार कधीही कापायची नाही. एका तारेवर दुसरी येऊ द्यायची नाही. तारेच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एका बारीक नळीत तापमान मोजणारा सेन्सर सरकवायचा. नळी यासाठी, की तो बिघडला तर फरशी न फोडता ओढून काढता यावा.

विजेची जोडणी मात्र जावयानं स्वतः केली नाही. इंग्लंडमध्ये २००५पासून घरातल्या अशा कामांना नियम आहे. नोंदणीकृत वायरमन हवा किंवा आधी कळवून तपासणी हवी. आलेल्या वायरमननं पहिलं काम केलं ते मीटर लावून तारेचा रोध मोजण्याचं. २३० व्होल्टला ३०० वॅट म्हणजे सुमारे १७६ ओहम यायला हवेत. तेवढेच आले. तो म्हणाला, तीन वेळा मोजायचं. गुंडाळीतून काढल्यावर, पसरल्यावर आणि फरशी बसल्यावर. माझ्या सात वर्षांच्या नातवानं वहीत तीन चौकटी आखल्या आणि पहिल्या दोन भरल्या.

तिसरी चौकट भरण्याआधी माझा प्रताप घडला. फरशीचा कारागीर चुना-सिमेंटवाला आपला गवंडी असतो तसाच. तो मसाला कालवत होता. त्याला मदत म्हणून मी एक फरशी उचलून आणली आणि खाली टेकवली. टेकवली म्हणजे कोपऱ्यावर सुटली. आवाजही नीट झाला नाही. तार जागच्या जागी दिसत होती. मी काही बोललो नाही. कारागीर मसाला पसरायला वाकला, तेवढ्यात नातू मीटर घेऊन आला आणि म्हणाला, “नाना, आकडाच येत नाही!”

आत तार तुटली होती. मी खाली मान घालून कबूल केलं. जावई शब्दानंही लागट बोलला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. वायरमन दुसऱ्या दिवशी आला. तुटका भाग शोधून त्यानं त्यासाठीच मिळणारा जोड बसवला, वरचं आवरण पुन्हा घट्ट केलं आणि परत मोजलं. अर्ध्या तासाचं काम. तेच फरशी बसल्यावर कळलं असतं तर? सगळी फरशी फोडावी लागली असती. आणि तार नुसती तुटण्याऐवजी तिचं आवरण फाटलं असतं, तर गोष्ट ओल्या पायांशी होती. त्यासाठीच तारेभोवती अर्थिंगचं धातूचं वेष्टण असतं आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारं यंत्र लावणं सक्तीचं असतं.

त्यानंतर कारागिरानं लोखंडी थापी बाजूला ठेवून प्लास्टिकची घेतली. मसाला लवचीक जातीचा. तापून प्रसरण पावणाऱ्या फरशीबरोबर तो थोडा सरकू शकतो. दर्जा भरल्या. भिंतीलगतच्या फटीत सिमेंट न भरता सिलिकॉन भरलं. नातवानं तिसरी चौकट भरली: १७६.

आणि मग चौदा दिवस वाट पाहिली. मसाला आपल्या गतीनं वाळायला हवा. घाईनं तापवला तर तो फुटतो. कवितेचंही तसंच असतं म्हणायचा मोह मी आवरला.

तापमान किती ठेवायचं, हा त्या घरातला सर्वांत गंभीर प्रश्न होता. ज्यांच्यासाठी हे केलं, त्यांच्याच पायांना फरशी किती तापली आहे ते नीट कळणार नव्हतं. आपण चटका बसला की पाय उचलतो. त्यांचा पाय ती खबर देत नाही. म्हणून खोलीची हवा मोजून चालणार नव्हतं, फरशीच मोजायला हवी होती. पायांची तपासणी करणाऱ्या नर्सला विचारून सेन्सरची कमाल मर्यादा २७ अंशांवर बांधून टाकली. वर जाड पायपुसणं पसरायचं नाही, हेही ठरलं; त्याखाली उष्णता साचते. नियंत्रणाची पेटी बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर लावली.

खर्चाचंही सांगतो. त्या हिवाळ्यात तिथे विजेचं एक युनिट सरासरी ३४ पेन्सला होतं. रोज तीन तास चालवलं तर एक युनिटही पुरतं जळत नाही, तीस-एकतीस पेन्स. मात्र यानं अख्खी खोली तापेल अशी आशा धरू नये. ३०० वॅट त्या थंडीला पुरे पडत नाहीत. भिंतीवरचा हीटर राहिलाच. ही ऊब पायांपुरती.

पंधराव्या पहाटे आम्ही सगळे दाराशी उभे होतो. विहीणबाई आत गेल्या, पाय धुतले, फरशीवर ठेवले. काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या दापोलीच्या अंगणात दुपारी उन्हं उतरल्यावर जमीन अशीच लागायची.”

परत चिपळूणला आलो. इथे फरशी तापवायची गरज नाही, सूर्य ते काम फुकट करतो. पण आमच्या बाथरूममध्ये पंधरा वर्षं गीझर होता आणि त्याच्या अर्थिंगची तार कुठवर जाते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात वायरमनला बोलावलं. तार भिंतीत शिरत होती आणि तिथेच संपत होती, कशालाही न जोडलेली. त्यानं ती जोडली आणि गळती होताच वीज तोडणारं यंत्रही बसवलं. काम चालू असताना मी बाजूला उभा राहून प्रत्येक आकडा विचारत होतो. तो वैतागला असावा. पण भिंत बुजवण्याआधी मी त्याला पुन्हा एकदा मोजायला लावलं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)