गडात शिरलेला शत्रू

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दंडाकडे निरखून पाहावे. तेथे बहुधा एक वाटोळा व्रण आढळतो. तो देवीच्या लशीचा. त्या लशीच्या बळावर देवीचा रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाला, असे १९८० साली जाहीर करण्यात आले. मग १९८३ साली शोध लागलेल्या एच. आय. व्ही. या विषाणूवर लस अजून का निघाली नाही?

लस ही शरीराला शत्रूची आगाऊ ओळख करून देते. ओळख पटली, म्हणजे रक्तात प्रतिपिंडे नावाचे पदार्थ तयार होतात. गडाच्या दरवाजावरील पहारेकऱ्यांप्रमाणे ती विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच अडवितात. परंतु एच. आय. व्ही. हा मोठा बहुरूपी! तो आपले रूप इतक्या झपाट्याने पालटतो, की काल त्याला ओळखणारा पहारेकरी आज फसतो. याहून मोठे संकट निराळेच आहे. शरीराच्या सैन्याला हाक देणाऱ्या ज्या टी-पेशी, नेमक्या त्यांच्यातच हा विषाणू शिरून बसतो. किल्लेदाराच्या वाड्यातच शत्रूने लपावे, तसा हा प्रकार. तेथे प्रतिपिंडांचे काही चालत नाही. उपचार न झाल्यास शरीर पुढे इतके दुबळे होते, की किरकोळ रोगही त्याला झेपत नाही. या अवस्थेस एड्स म्हणतात. (रोग्याला शिवल्याने किंवा त्याच्या पंगतीला जेवल्याने हा विषाणू लागत नाही, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते.)

मात्र शरीराजवळ आणखी एक सैन्य असते. ते मारक टी-पेशींचे. विषाणूने ग्रासलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या विषाणूचे सूक्ष्म तुकडे दिसू लागतात. त्या खुणेवरून मारक पेशी ती रोगट पेशीच नष्ट करतात. या सैन्याला आधीच शिकवून ठेवावे, असे शास्त्रज्ञांनी योजिले. एका निरुपद्रवी विषाणूच्या अंगी त्यांनी एच. आय. व्ही.च्या जनुकांचा थोडासा भाग घातला. संपूर्ण विषाणू त्यात नसल्यामुळे या लशीपासून रोग होणे शक्यच नव्हते.

एच. आय. व्ही.वरील लशीची भारतातील पहिली चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. ३० निरोगी स्त्रीपुरुषांनी आपण होऊन दंड पुढे केला. लस निर्धोक आहे काय आणि तिने पेशी जाग्या होतात काय, एवढेच पाहावयाचे होते. स्वयंसेवकांना स्वतःला लाभ होईलच, अशी हमी नव्हती. हे धैर्य रणांगणावरील धैर्याहून उणे म्हणता येणार नाही. लस निर्धोक ठरली. पण पेशी जेमतेमच जाग्या झाल्या.

परदेशांत अशाच हेतूने केलेली दुसरी एक लस सुमारे ३००० स्वयंसेवकांवर अजमावली जात होती. तिने पेशी जाग्या झाल्या, तरी लागण टळली नाही. उलट काही जणांत लागणीचा धोका वाढल्याचे दिसले. सप्टेंबर २००७ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

तरीही २००९ साली पुणे व चेन्नई येथे नवी चाचणी झाली. या वेळी काहींना एकामागून एक अशा दोन निरनिराळ्या लशी टोचल्या. पहिलीने ओळख करून द्यावयाची, दुसरीने ती पक्की करावयाची. बहुतेकांच्या पेशींनी प्रतिसाद दिला. पण पेशी जाग्या होणे निराळे आणि त्यांनी विषाणूला रोखणे निराळे. आज औषधांनी रोग्याच्या शरीरातील विषाणू दाबून ठेवता येतो. लस मात्र अद्याप हाती आलेली नाही.