टपावरचे दिवे : वायर, फ्यूज आणि समोरचा माणूस

लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचं गाव. पावसाळ्यात इथून खोपोलीकडे आणि पुढे बोरघाटात रात्री गाडी नेणाऱ्याला अंधार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मग टपावरच्या कॅरिअरला जादा दिवे लावावेसे वाटतात. ते जोडायचे कसे आणि लावायचे कुणासाठी, हे आज आपण पाहू.

स्विच दाबला की दिवा लागतो, असं आपण म्हणतो. पण स्विच हे केवळ निमित्त. वीज येते बॅटरीतून. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे घ्या. ११० भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या लहान स्विचमधून नेला तर तो तापणार. म्हणून मध्ये रिले घालतात. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची लाइन येते, ८७ वरून ती दिव्यांकडे जाते. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. एक स्विचकडे, दुसरं अर्थला. कॉइलला करंट अगदी थोडा लागतो. म्हणजे बघा, हुकूम एका वाटेनं जातो, ताकद दुसऱ्या वाटेनं.

आता फ्यूज. तो कुणाला वाचवतो? दिव्याला, असं बहुतेकांना वाटतं. पण दिवा जळला तर फक्त दिवा जातो. वायर पेटली तर गाडी जाते. फ्यूज वायरसाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवायचा. वर दिव्याशेजारी बसवला, तर खालची सगळी वायर बेवारस राहते. ती पत्र्याला घासून सोलली तर तिला रोखणारं कुणी नाही. ९ अँपिअरला १५ चा फ्यूज ठीक. तो उडतो म्हणून ३० चा घालणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणं. तो का उडतो, ते आधी शोधायचं.

जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर धरू. दीड चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. अडीचची घेतली तर साधारण ०.६. दिव्याला न मिळालेली ही वीज वायर तापवते. अर्थसाठीही वेगळी वायर खाली आणावी. कॅरिअरला रंग असतो, पायाशी रबर असतं, त्याचा भरवसा नाही. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच.

एवढं नीट जोडलं, तरी धुक्यात हे दिवे उपयोगी नाहीत. टपावरचा प्रकाश आपल्या नजरेच्या जवळून निघतो आणि थेंबांवरून उलटा डोळ्यांतच येतो. धुक्याला दिवा खालीच हवा.

आणि समोरचा माणूस? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ नुसार गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीनंच मुभा मिळते. कारण उघड आहे. समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे क्षणभर दिपले, तर तो क्षण आपल्याही वाट्याला येतो. परवानगी असली तरी रिलेच्या स्विचची लाइन हाय बीमवरून घ्यावी. डिपर खाली केला की टपावरचे दिवे आपोआप विझतात. सभ्यता चालकाच्या आठवणीवर न सोडता अशी वायरिंगमध्येच घालता येते.

तरीही गरज नाकारता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसं पावसात पायी वर चढली. अशा वेळी पायथ्याशी उभ्या गाडीचा दिवाही मोलाचा. पण इंजिन बंद असेल तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी ९ अँपिअरवर कागदोपत्री साडेसहा तास पुरते. गाडी पुन्हा सुरू व्हायला हवी असेल, तर त्याच्या बरंच आधी दिवे बंद करावे लागतात. हा हिशेब अंधार पडण्याआधीच करून ठेवलेला बरा.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.